टीचरांचं दही

“पोटातल्या मंडळींना काय वाढलंस आज?”

लिफ्टचं दार उघडलं की टीचर पहिलं हे विचारायच्या. हातात दह्याचं झाकलेलं भांडं. मी “पिझ्झा” म्हटलं की कपाळाला हात लावायच्या. “अय्यो, उपाशीच की ग ती!”

मंडळी म्हणजे आतड्यांतले जिवाणू. पेरुंगुडी उपनगरातल्या आमच्या इमारतीत टीचर एकट्या राहायच्या. आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेलं. घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, त्यामुळे मराठी जुन्या वळणाची आणि हेल तमिळ. अशी एखादी बाई तुमच्याही इमारतीत असेल. घाईत असलो की आपण तिला टाळतो आणि दोन दिवस दिसली नाही तर तिची बेल वाजवतो.

माझ्या मुलीला एकदा घशासाठी अँटिबायोटिक दिलं आणि जुलाब थांबेनात. डॉक्टर म्हणाले, औषधाने चांगले जिवाणूही मेलेत. टीचर रोज दहीभात घेऊन यायच्या. “चोरांबरोबर शेजारीही हाकलले बघ औषधाने. परत बोलवायला नको?” आठवड्याभरात पोरगी खेळायला लागली. दह्याने की आपोआप, देव जाणे. आमचा मात्र विश्वास बसला.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याला रक्ताचा कर्करोग झाला. किमो सुरू झाली. हॉस्पिटलने दिलेल्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं: पांढऱ्या पेशी कमी आहेत तोवर घरी लावलेलं दही, ताक, कोशिंबीर बंद. तो कागद मी वाचला होता. टीचरांना सांगायचा धीर झाला नाही. त्या भांडं आणत, मी घेई आणि स्वतः खाऊन टाकी.

एका दुपारी नवरा म्हणाला, “टीचरांचं दही दे ना. दोनच चमचे.” चार दिवस त्याच्या पोटात काही टिकलं नव्हतं. मी दिलं.

दुसऱ्या दिवशी ताप भरला. अकरा दिवस तो आयसीयूत होता. “दह्यानेच झालं असं नाही सांगता येत,” डॉक्टर म्हणाले. “प्रतिकारशक्ती नसली की स्वतःच्या आतड्यातले जिवाणूही रक्तात शिरतात.”

कपडे न्यायला घरी आले तर टीचर माझ्या दारातच उभ्या.

“कसा आहे ग?”

“दही द्यायचं नव्हतं, टीचर. त्यानेही झालं असेल म्हणतात.”

एवढंच बोलले. कागदाचं बोलले नाही.

त्यांनी भिंतीला हात टेकला. “मुलांना शिकवलं मी हे सगळं. मलाच कळू नये?”

नवरा घरी आला, पण टीचर उंबऱ्याच्या आत आल्या नाहीत. जिन्यातूनच “बरा आहे ना?” विचारायच्या आणि उत्तर मिळताच वळायच्या. दही लावणं त्यांनी बंद केलं. उन्हाळ्यात घराला कुलूप लावून त्या भाच्याकडे तंजावरला गेल्या.

नवरा पुन्हा ऑफिसला जायला लागला, त्या दिवशी मी त्यांना फोन केला. कागदाचं सगळं सांगितलं. “मला माहीत होतं, टीचर. तुम्हाला नव्हतं.”

टीचरांनी आधी त्याचंच विचारलं.

“तो बरा आहे ना आता?”

“हो.”

“मग आठ महिने मला असं का ठेवलंस ग?”

वर्गात उत्तर चुकलेल्या मुलीला विचारावं तसं त्यांनी विचारलं. त्यांनी फोन ठेवला नाही, मीही नाही. तिकडे कोणीतरी अंगणात पाणी मारत होतं. ते ऐकत मी उभी राहिले.