देवाला ट्रॅक्टर दाखवताना

नवा ट्रॅक्टर घरी आला की आधी देवाला दाखवायचा, हा आमच्याकडचा रिवाज. गावातला मारुती सपाटीवर, हाकेच्या अंतरावर. पण आमच्या वडिलांना, आबांना, तो पुरेना. कुलदैवत डोंगरावर, आणि तिथं जायला नुसती शेरडांची वाट. चार दिवसांच्या ड्रायव्हिंगच्या जोरावर आबांनी तीच ट्रॅक्टरसाठी पसंत केली. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, विट्याच्या बाजूला ट्रॅक्टर बोटांवर मोजण्याइतके, आणि आबांच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं. त्यांना अडवणार कोण? मी पंचविशीचा होतो, पण माझं ऐकायची पद्धत घरात नव्हती.

अर्ध्या डोंगरात मागचं खालच्या अंगाचं चाक घसरलं. ट्रॅक्टर कलंडला, एका धोंड्याला टेकला आणि तसाच राहिला. खाली सरळ उतार. आबा सीटवर, दोन्ही हात स्टेअरिंगवर, उजवा पाय ब्रेकवर दाबलेला.

हां हां म्हणता गाव जमलं. फौजेतून निवृत्त झालेल्या मामाला आणायला एकजण सायकलवरून शेजारच्या गावाला गेला. तो येईपर्यंत सल्ल्यांचा सुकाळ. कलकत्त्याला सोनं गाळणारे माझे चुलते सुटीवर आले होते. भट्टीच्या भात्यापलीकडं त्यांचा यंत्राशी संबंध आलेला नव्हता, त्यामुळं त्यांचाच आवाज सगळ्यात मोठा. "वरच्या अंगाला मडगार्डवर धा मानसं बसवा रं, तोल ऱ्हातोय!" दहा काय, पंधरा चढली. नव्या ट्रॅक्टरवर फुकट बसायची संधी कोण सोडतो?

मामा आला तो ओरडतच. दरीत गेलेल्या लष्करी गाड्या काढण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. "पयलं समदी उतरा. खालच्या अंगाला एकबी मानूस दिसता कामा न्हाई." मंडळी नाराज होऊन उतरली. मामानं चाकांखाली मोठे दगड ठोकून बसवले. विहिरीतलं इंजिन वर काढायची चेनपुली आणवली, ती वरच्या वडाच्या बुंध्याला बांधली, तिथून तारेचा दोर ट्रॅक्टरला लावून ताणला आणि दोरावर एक जाड घोंगडं टाकलं.

"तारंला थंडी वाजतीया व्हय?" चुलत्यांनी विचारलं.

"तुटली तर उलटून मानूस चिरती. घोंगडं तिला दाबून धरतंय," मामा म्हणाला, आणि आबांकडं वळला. "दाजी, पाय काढा आन् वरच्या अंगानं उतरा. आदी मानूस, मग मशीन."

"आदी ट्रॅक्टर," आबा म्हणाले.

"ह्येला म्हंत्यात मालक!" गाव खूश झालं. मला मात्र संताप आला. देवाला दाखवायला ट्रॅक्टर काढला होता, आता हे स्वतःच त्याच्या भेटीला निघाले होते. चार शब्द सुनवायचेच, म्हणून मी वरच्या बाजूनं त्यांच्याजवळ गेलो.

त्यांनी माझ्याकडं बघितलंही नाही. ओठ न हलवता म्हणाले, "पाय निघंना रं. माझं ऐकतच न्हाई त्यो."

दोन तास तो पाय ब्रेकवर होता. मला भयंकर भीती वाटली, आणि लाजही. मी मामाला पायाकडं खूण केली. त्यानं दगड पुन्हा तपासले, दोर बघितला आणि होकाराची मान हलवली. मी वाकून दोन्ही हातांनी आबांचा पाय धरला. पाया पडण्यापलीकडं त्या पायाला मी कधी हात लावला नव्हता. भर उन्हात तो गार पडला होता. हळूच उचलला. ट्रॅक्टर करकरला, दगडांवर बसला आणि थांबला. आबांना काखेत हात घालून वर ओढलं आणि एका खडकाआड बसवलं.

मग मामानं साखळी ओढायला घेतली. ट्रॅक्टर वीत वीत करत वर आला. गुलाल उधळला गेला. "म्या काय सांगत हुतो?" असं चुलते सगळ्यांना विचारत होते. त्यांनी काय सांगितलं होतं ते कुणालाच आठवत नव्हतं.

लोक आमच्याकडं यायला लागले तसं आबांनी माझी बाही धरली. "उभा कर मला. लवकर."

त्यांच्या कमरेला विळखा घालून मी त्यांना उभं केलं. सगळा भार माझ्यावर आला. बापलेक आनंदानं गळ्यात पडलेत असं समजून लोकांनी आमच्यावरही गुलाल उधळला. गर्दी पांगली, पायात जीव आला, आबा स्वतःच्या पायावर उभे राहिले, तरी मी काही त्यांना सोडलं नाही. आणि त्यांनीही सोड म्हटलं नाही.