अबेरकेविनच्या शाळेचे अकरा फलक

इद्वल हॉपकिन प्रॉथेरो (१९०८–१९७९) हे अबेरकेविन या वेल्श गावातील मुलांच्या ग्रामर, म्हणजे माध्यमिक, शाळेत एकतीस वर्षे इमारतीच्या देखरेखीस होते. पाटीच्या दगडाच्या खाणींतील मजुरांनी वर्गणी काढून १८९६ साली ही शाळा उभी केली. विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मुलांची नावे सभागृहातील ओकच्या फलकांवर सोनेरी अक्षरांत लिहिली जात. १९२९ च्या नावांत इद्वल यांचा धाकटा भाऊ गेथिन होता. पुढे युद्धात तो जहाजासह बुडाला. त्याला थडगे नाही. त्याचे नाव कोरलेले वा लिहिलेले असे ते एकच ठिकाण.

१९७२ साली मुलींच्या शाळेत ही शाळा विलीन करण्याचे ठरले. मार्चमध्ये जिल्हा कचेरीतून एक गृहस्थ टेप घेऊन आला आणि फलकांची लांबी-रुंदी टिपू लागला. कशासाठी, असे विचारता ‘नोंदीसाठी’ एवढेच म्हणाला. आडनाव अस्सल वेल्श, बोलणे मात्र इंग्रजीत; इद्वल यांना तेही खटकले. मापे दोनदाच घेतात, शवपेटी करताना आणि माल विकताना, असे ते घरी म्हणाले. ईस्टरच्या सुट्टीत त्यांनी अकराही फलक उतरवले आणि गावच्या चॅपेलच्या, म्हणजे प्रार्थनामंदिराच्या, रविवारशाळेत, हार्मोनियममागे, भिंतीकडे तोंड करून ठेवले.

मुख्याध्यापक टेकविन रीस हे याच शाळेचे जुने विद्यार्थी. त्यांनी इद्वल यांना गाठले.

“इद्वलकाका, फलक कुठं आहेत?”

“विकलेले नाहीत.”

“शाळेत आहेत का?”

“टेकविन, मी चॅपेलचा पंच आहे. खोटं बोलणार नाही. म्हणून विचारूच नकोस.”

“शाळेत असताना जप्त केलेल्या माझ्या गोट्याही तुम्ही अशाच सांभाळून ठेवल्या होत्यात. अजून मिळायच्यात.”

खरे तर ती मापे नव्या सभागृहात फलक लावण्यासाठीच घेतली होती. रीस यांनी तसे सांगितले, तेव्हा इद्वल यांनी लेखी हमी मागितली. ती आली, पण खाली सही त्याच टेपवाल्या गृहस्थाची. इद्वल यांनी पत्र घडी करून परत पाठवले. नव्या सभागृहात फलकांसाठी राखून ठेवलेल्या भिंतीवर पुढे व्यायामाच्या शिड्या बसल्या.

त्यांच्या पश्चात, १९८० साली, पत्नी मेर्व्हेन यांनी फलक शाळेला दिले. ते जिन्याखालच्या अंधाऱ्या बोळात लागले. गेथिनचे नाव वाचायला दिवा लावावा लागतो. १९७२ च्या उन्हाळ्यात नावे लिहिणारा रंगारी आला तेव्हा फलक जागेवर नव्हते. त्यामुळे शेवटच्या तुकडीतील सात मुलांची नावे लिहायची राहिली, ती राहिलीच.