दोघींचा एक पत्ता

माझी दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. एक लिहावं तर दुसरीला राग येईल, आणि मी दोघींनाही चांगली ओळखते.

पहिल्या नावाने मी कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकले. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि माझे वडील दरबारातली नोकरी सुटल्यामुळे घरीच बसून असत. आई मी लहान असतानाच गेलेली. वर्गात मी एकटीच मुलगी, त्यामुळे बोलायला कोणी नसे. पन्हाळ्याच्या तटबंदीत नेचे उगवतात, त्यांच्याशी माझी मैत्री झाली. नेच्याला फूल नाही, फळ नाही. पानाच्या पाठीवर बारीक ठिपके येतात आणि ते पिकून तपकिरी झाले की त्यातून पिठासारखी धूळ उडते, तेच त्याचं बी. पश्चिमेकडच्या भिंतीवरचे ठिपके आतल्या बाजूच्यापेक्षा उशिरा पिकतात, हे मी भिंगातून पाहिलं आणि इंग्रजीत लिहून काढलं. दक्षिणेतल्या एका शास्त्रीय नियतकालिकाने ते छापलं. इवलासा लेख, पण वडिलांनी तो शेजारीपाजारी फिरून दाखवला. शेजाऱ्यांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ते फक्त नावावर बोट ठेवत.

आमचे सर संदर्भांच्या बाबतीत कर्दनकाळ होते. ‘असे आढळून आले आहे’ असं कुठे लिहिलं की लाल पेन्सिल घेऊन विचारायचे, “कुणाला आढळलं? त्याला आईबापांनी नाव ठेवलंय की नाही?” मग आडनाव, साल, नियतकालिक, खंड, पान, सगळं लिहायचं. मूळ लेख स्वतः वाचल्याशिवाय त्याचं नाव घ्यायचं नाही. दुसऱ्याचं ते दुसऱ्याच्या पदरात घालावं, मग उरेल ते आपलं, असं ते म्हणत. मी त्यांना फार भ्यायचे आणि तितकंच मानायचेही.

मग लग्न झालं, गावातल्या गावातच. ताटात तांदूळ पसरले, यांनी अंगठीने त्यात माझं नवं नाव लिहिलं आणि पेढे वाटले गेले. मला आधी कोणी विचारलं नव्हतं. माझ्या बाजूने अक्षरं उलटी दिसत होती, त्यामुळे माझं नाव मला सर्वांत शेवटी कळलं. दुसऱ्या दिवशी ते तांदूळ भाताला घेतले.

सासर वाईट नव्हतं, हे आधी सांगते. हे कोर्टात कारकून होते. मितभाषी आणि निर्व्यसनी. सासूबाई फटकळ पण मायाळू. जेवायला घालून वर ‘अजून घे की’ म्हणणारं घर ते. पण वर्ष उलटायच्या आत वडील गेले, पाठोपाठ सर गेले, आणि एका दुपारी भांडी विसळताना माझ्या लक्षात आलं, की मला जुन्या नावाने हाक मारणारं आता कोणीच उरलेलं नाही. मी तिथेच बसून रडले. सासूबाईंना वाटलं, हात कापला.

सगळे मिळून पन्हाळ्याला गेलो होतो तेव्हा मी ओल्या फडक्यात गुंडाळून नेचे घरी आणले आणि न्हाणीमागच्या सावलीत विटांवर लावले. सांडपाण्यावर ते छान तगले. काही वर्षं मी त्यांचे ठिपके पाहत राहिले. पन्हाळ्याच्या भिंतीवर जे पाहिलं होतं त्यामागचं कारण मला इथे सापडलं. वारा लागला की ठिपके उशिरा पिकत, आडोशाला लवकर. हे कुणाला तरी सांगावं असं फार वाटे. यांना सांगितलं. हे म्हणाले, “बरं.”

मग मी दुसरा लेख लिहिला, नव्या नावाने. पहिल्या लेखातली निरीक्षणं पायाला घेतली आणि सरांच्या शिस्तीने जिथल्या तिथे संदर्भ दिला, ‘कुमारी अमुक यांनी दाखवल्याप्रमाणे’. स्वतःलाच असं परक्यासारखं लिहिताना आधी हसू आलं. तिसऱ्यांदा लिहिताना आलं नाही.

संपादकांचं उत्तर आलं. भाषा सभ्य होती, पण अर्थ सरळ होता. तुमच्या लेखातली सुरुवातीची निरीक्षणं, इतकंच नव्हे तर वाक्यंसुद्धा, कुमारी अमुक यांची आहेत. नुसता संदर्भ देऊन एवढं उचलता येत नाही. त्यांची लेखी संमती महिनाअखेर पाठवा, नाहीतर लेख परत करावा लागेल.

माझ्याच घरात मी चोरी केली होती म्हणे! ‘ती मीच’ एवढं लिहून भागलं नसतं. ज्याच्यावर संशय त्यानेच माल माझा म्हणायचं, याला कोण भीक घालतो? माझ्या पदवीवर जुनं नाव होतं. तीच ही बाई, असं यांनी कोर्टात प्रतिज्ञेवर लिहून दिलं असतं तर काम झालं असतं. दिवसभर हे दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रंच तपासत होते. पण यांना लाज वाटली. “माझ्या बायकोचं नाव काय, हे मी साहेबांसमोर शपथेवर सांगू? हसतील लोक.” मग म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यातही तेच म्हणाले. मी चिडले, दोन दिवस अबोला धरला. यांना तो कळलाच नाही.

सासूबाई मिरच्यांचे देठ काढत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“दोन नावं हाईत न्हवं तुझी?”

“आहेत.”

“मग एकीनं दुसरीला लिवून दे की! त्यात कोर्ट कशाला मरायला?”

मी तसंच केलं. जुन्या वळणाची जुनी सही केली, ‘माझी निरीक्षणं वापरण्यास माझी हरकत नाही’. सही अजून जशीच्या तशी येत होती. लेख छापून आला. शेवटी आभार मानलेले होते, कुमारी अमुक यांच्या औदार्याबद्दल. ते शब्दही मीच लिहिले होते. तो अंक मी कुणाला दाखवला नाही. नावावर बोट ठेवणारं कोण होतं?

पुढच्या वर्षी कलकत्त्याहून एका प्राध्यापकांचं मला पत्र आलं. नेच्यांवरच काम करणारे. माझ्या दुसऱ्या लेखाबद्दल दोन बरे शब्द होते. बाकी सगळं पत्र तिच्याबद्दल. कुमारी अमुक यांचा छोटा लेख ते विद्यार्थ्यांना वाचायला देत. इतकी चांगली नजर असलेल्या बाईंनी पुढे काहीच का लिहिलं नाही? त्या हयात आहेत ना? त्यांना लिहितं करायची फार इच्छा आहे. कृपया पत्ता कळवावा.

ते पत्र मी किती वेळा वाचलं असेन. मला तिचा हेवा वाटला, अगदी खरं सांगते. आणि माझ्याबद्दल कुणीतरी दूरवर इतकं विचारतंय म्हणून ऊर भरूनही आला. ‘ती मीच’ असं लिहायला घेतलं आणि थांबले. आभार छापून बसले होते, आता कोण खरं मानणार? शेवटी लिहिलं, ‘कुमारी अमुक याच पत्त्यावर राहतात. त्यांना जरूर लिहावे.’ खाली नवी सही केली.

त्यानंतर रोज टपालाच्या वेळी मी दाराच्या आसपास काम काढायचे. नेमकी त्या दिवशी न्हाणीमागे नेच्यांच्या विटा हलवत होते. दारातून पोस्टमनचा आवाज आला आणि त्याने ते नाव घेतलं. माझं, पुरं, वडिलांच्या नावासकट. इतक्या वर्षांनी ते मोठ्याने ऐकलं आणि माझे मातीचे हात तसेच हवेत राहिले.

सासूबाई दारात होत्या. “आमच्यात आसलं कोण ऱ्हात न्हाई, पावणं. फुडच्या गल्लीत इचारा.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. ते नाव त्या केव्हाच विसरून गेल्या होत्या. मी पुढच्या दारी पोचेपर्यंत गल्ली रिकामी झाली होती. दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले, तर पत्र कलकत्त्याला परत निघालं होतं. त्या प्राध्यापकांनी पुन्हा लिहिलं नाही. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

पण न्हाणीमागून धावत येताना मी एक केलं होतं. घसा ताणून, सगळ्या घराला ऐकू जाईल अशी, ओ दिली होती.

सासूबाई मागे वळून माझ्याकडे बघत राहिल्या.

“कुणाला गं ओ देतीयास? तुला कोण हाक मारली न्हाई.”