मूठभर तांदूळ

समोरच्या खोलीत भाड्यानं राहणारी ती परराज्यातली नर्स रोज भात लावण्याआधी मूठभर तांदूळ बाजूला काढायची, डोळे मिटून पुटपुटायची आणि डब्यात टाकायची. रविवारी तो डबा चर्चला न्यायची. मला गडबड वाटायची.

शेवटी विचारलंच, "बाहेरून पैसा येतो ना तुम्हाला?"

ती हसली. "उलटा है दीदी, यहाँ से जाता है." तांदूळ विकून आलेले पैसे चर्चवाले परदेशात सेवा करणाऱ्या मिशनऱ्यांना पाठवतात, प्रार्थनाही त्यांच्यासाठीच, म्हणाली.

"ओळखीचे आहेत?"

"कभी देखा नहीं."

न पाहिलेल्यांसाठी तोंडचा घास कोण काढून ठेवतं? मी माझा संशय घरमालकांच्या कानावर घातला. तिची खोली गेली.

मांडीवर डबा घेऊन ती रिक्षात बसली, तेव्हाही झाकण उघडून बघावंसं वाटलं मला. संशय अजून गेलेला नाही. पण भात लावताना मूठ भरली की हात थबकतो.