फ्लॅशशिवाय उदमांजर

"पेस्ट कंट्रोलवाले दोन वाजता येतील. धूर सोडला की माळ्यावरचे उंदीर साफ." प्लँट हेड कुलकर्णी साहेब फोनवर बोलत होते. मी शेजारच्या टेबलावर गिअरचे फोटो काढत होते. चाकणमधल्या एका कारखान्याच्या कॅटलॉगचं काम होतं. अशी कामं मी वर्षानुवर्षं करते आहे.

साहेब बाहेर गेले तसे मेंटेनन्सचे युनूसभाई जवळ आले. जवळच्याच गावातले, रिटायरमेंटला आलेले.

"मॅडम, ते उंदीर न्हाईत. उदमांजर व्यालंय तिथं. साहेब म्हणतात, फोटो दाखवा. माझ्या मोबाईलात नुसता अंधार येतोय."

उदमांजर म्हणजे मांजराएवढं, लांब शेपटीचं जनावर. दिवसा झोपतं, रात्री फिरतं, माणसाच्या वाटेला जात नाही. घड्याळात बारा वाजले होते. मी कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन त्यांच्यामागे स्टोअरच्या शिडीवर चढले.

माळ्यावर एकच झरोका, तोही धुळीने भरलेला. जुन्या खोक्यांच्या मागे आई आणि तिला बिलगून तीन पिल्लं. फ्लॅश मारला असता तर काम मिनिटाचं होतं. पण आई बिथरून पळाली असती, कदाचित परतलीही नसती. फ्लॅश मी बॅगेतच ठेवला.

मग दोनच उपाय उरतात. एक, आयएसओ वाढवायचा, म्हणजे कॅमेऱ्याला कमी उजेडात भागवायला लावायचं. त्याने फोटोत रंगीत ठिपके येतात. दुसरा, शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. त्यात जरा कोणी हललं की फोटो पुसट.

पहिल्या फोटोंत हिरवे-जांभळे ठिपके आणि मध्ये एक तपकिरी गोळा. उंदीर म्हटलं तरी चाललं असतं. मी ब्लॅक अँड व्हाइट लावलं. रंगांचा गोंधळ गेला, ठिपक्यांची नुसती रवाळ छटा उरली. उदमांजराच्या डोळ्यांभोवती असतो तो काळा पट्टा वेगळा दिसायला लागला. पण फोटो हललेलाच. ट्रायपॉडला हात लावून पाहिला, तर तो थरथरत होता. माळ्याच्या बरोबर खाली कॉम्प्रेसर चालू होता.

"युनूसभाई, हा बंद होईल का?" मी कुजबुजले.

"आत्ता केला तर लाइन थांबेल. साडेबाराला जेवणाची सुट्टी हाय. सुपरवायझरला विचारतो."

साडेबारा वाजले आणि कॉम्प्रेसर थांबला. मी वाकून खाली पाहिलं. युनूसभाई डबा न उघडता शेडच्या दारात हात पसरून उभे होते, जमीन हादरू नये म्हणून फोर्कलिफ्ट अडवत.

त्या शांततेत आईने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. ती उठली नाही, फक्त एका पिल्लावर पंजा ठेवून तशीच पाहत राहिली. मी कॅमेऱ्याला हात न लावता रिमोटचं बटण दाबत गेले. अकरा फोटो काढले, त्यातला एक स्वच्छ आला.

कुलकर्णी साहेबांनी तो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठा करून पाहिला.

"रंगीत नाही का?"

"रंगीतमध्ये तुम्हाला पुन्हा उंदीरच दिसले असते, सर."

ते पुन्हा स्क्रीनवर वाकले. "तिन्ही पिल्लं झोपलीत," एवढंच म्हणाले आणि पेस्ट कंट्रोलला फोन लावला. "आज येऊ नका." मग त्यांनीच वनखात्याला विचारलं. हात लावू नका, पिल्लं मोठी झाली की आई घेऊन जाईल, असं उत्तर आलं. कोणी वर जाऊ नये म्हणून साहेबांनी स्टोअरची शिडी काढायला लावली.

काही आठवड्यांनी युनूसभाईंचा फोन आला. "माळा रिकामा झाला, मॅडम. समदी आपणहून गेली."

मी त्यांचे आभार मानले, तर म्हणाले, "मी काय केलं? एक स्विच दाबला."

तो फोटो आता कारखान्याच्या कँटीनमध्ये लावलाय. खाली माझं एकटीचंच नाव होतं. मी सांगून त्यांचंही घालून घेतलं. कमी उजेडात काम करायचं असेल तर महागडी लेन्स लागते, हे खरं. पण आधी तिथला मेंटेनन्सचा माणूस गाठावा.