नुसतं दाबायचं

साहेबाने माझं बोट पेन्सिलीने वर उचललं. हात नाही लावला. पेन्सिल खालून घातली आणि औषध कंपनीच्या तीन माणसांना दाखवलं.

"हेच ते बोट," म्हणाला. "पाचवी नापास. ह्याने वाट लावली तुमच्या कामाची."

तिघं हसले. मीपण हसलो. सवयच ती. कोणी लाथ उचलली की मी आधी हसतो, म्हणजे त्याला मारायला बरं पडतं.

ऑफिस अंधेरीला. काचेच्या खोलीत कपाटाएवढं मशीन. तेव्हा कॉम्प्युटर म्हटलं की लोक चपला बाहेर काढायचे. मी गोवंडीहून यायचो. आमच्या खोलीत पंखा नव्हता, आणि इथे एसीत मी मे महिन्यात स्वेटर घालून बसायचो. वस्तीत सांगायचो, कॉम्प्युटर चालवतो. खरं म्हणजे मी एक बटण दाबायचो. एकच.

साहेब म्हणजे प्रधान. आकड्यांचा मोठा माणूस. कुठलं औषध किती लागू पडतं ते त्याचा प्रोग्राम सांगायचा. पण त्यातलं अवघड गणित त्याचं नव्हतंच. ते परदेशातून टेपवर तयार आलेलं, सीलबंद डब्यासारखं. आत काय चाललंय ते बघता यायचं नाही. प्रोग्रामने आकडे द्यायचे, डब्याने उत्तर द्यायचं. कधी डब्याला जमायचं नाही. मग मशीन थांबायचं, पडद्यावर इंग्रजीत एक ओळ यायची, आणि कोणीतरी बटण दाबेपर्यंत हलायचं नाही.

तो कोणीतरी मी.

"ओळ आली की नुसतं दाबायचं," साहेबाने पहिल्याच दिवशी सांगितलेलं. "तेवढं तरी जमेल ना रे तुला?" आणि केबिनमध्ये जाऊन झोपला. पाय टेबलावर, तोंड उघडं.

मला जमलं. झकास जमलं. त्या बोटाचं नख मी वेगळं कापायचो, गोल, नीट. येडा साला मी.

मग एक दिवस उत्तर आलं की खोकल्याचं औषध जितकं जास्त द्यावं, तितका खोकला वाढतो. कंपनीची माणसं मुलुंडहून धावत आली. त्यानंतर ती पेन्सिल.

ते गेल्यावर मी टायपिंगवाल्या लोबोबाईंकडे गेलो. बाई मढच्या, तोंडाने फाटक्या.

"बाई, ती लाईन काय म्हणते?"

"तुला म्हाईत नाय? अरे, ती बोलते, गणित जमला नाय, उत्तर खोटा हाय. तरी पुढे जाऊ काय?"

"आणि मी?"

"तू रोज हो बोलतो."

मी तिथेच स्टुलावर बसलो. मशीन बिचारं विचारत होतं. मलाच विचारत होतं. साहेबाची झोप मोडू नये म्हणून मधे मला बसवलेलं. इंग्रजी वाचता येणारा बसवला असता तर तो उठून केबिनमध्ये गेला असता. म्हणून मी. पाचवी नापास ही माझी लाज नव्हती, तेच माझं क्वालिफिकेशन होतं.

दुसऱ्या दिवशी तेच काम परत लावलं. तिघं काचेच्या आत, खुर्च्या टाकून. मशीन थांबलं. ओळ आली. मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो.

"दाब ना," साहेब म्हणाला.

"वाचून दाखवा आधी."

"काय?"

"लाईन. मराठीत. ह्यांनापण ऐकू दे."

"तुला काय कळणार त्यातलं? नोकरी नको झाली का?"

"मला काय नाय कळणार, साहेब. तुम्हाला कळतंय ना? मग तुम्ही दाबा."

साहेबाचं बोट पुढे आलं. पुष्कराजाची अंगठी, केसाळ, जाडं. तिघं त्या बोटाकडे बघत होते. ते हवेतच राहिलं. मला पेन्सिल आठवली, समोरच पडली होती. नाही उचलली. इतकं हलकं काम माझ्याने होत नाही.

संध्याकाळी मला चहाच्या किटलीवर टाकलं. सकाळी माझ्या जागी नवा आणला, तोपण नापासच, बघून आणलेला. पहिल्या चहाबरोबर मी त्याला ती ओळ मराठीत सांगितली. दुपारी काचेतून बघितलं, त्याचे हात मांडीखाली होते.

गणित मला आजही कळत नाही. कळायची गरज नाही. कोणी म्हणालं, नुसतं दाब, तर मी म्हणतो, वाच आधी. माझ्यासमोर, माझ्या भाषेत, मोठ्याने. तोवर हे बोट खाली जाणार नाही.