आधी स्वतःच्या कानात

लसूण घालून तापवलेलं तेल कुत्र्याच्या कानात सोडण्याआधी गुरुजी त्यातला एक थेंब स्वतःच्या कानात टाकायचे. मान तिरपी करून, डोळे मिटून थोडा वेळ थांबायचे आणि म्हणायचे, "जे मला सोसेल तेच त्याला." त्यामुळे त्यांच्या एका कानात कायम कापसाचा बोळा असे आणि अंगाला फोडणीचा वास.

तुमच्याही गल्लीत असा एखादा हौशी वैद्य असेलच. धुळ्याला, देवपुरात, आमच्या वाट्याला हे आले होते. मूळचे शिंदखेड्याकडचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी पोरांचे कान पिळले. त्यांत माझेही दोन्ही आले. आता तेच हात कुत्र्यांचे कान फुलासारखे उलटून बघताना पाहिले की खरं सांगतो, माझा जीव जळायचा.

माणसांशी ते पुस्तकातलं मराठी बोलत. कुत्र्यांशी मात्र अहिराणी. "थांब रे भाऊ, काय दुखी राह्यनं तुले?" असं म्हटलं की भलतं दांडगट कुत्रंही उभं राहायचं. मग ते कानाचा वास घेत. आंबूस वास आला तर मिठाचं कोमट पाणी, नुसती खाज असेल तर कडुनिंबाचा काढा, आणि काहीही असलं तरी शेवटी तेल. पलीकडच्या बंगल्यातल्या बाईंचं पांढरं झुबकेदार कुत्रं या उपचारानंतर इतकं लसणाळलं की त्या त्याला घरात घेईनात. ते चार दिवस गुरुजींच्या ओट्यावर मुक्कामाला होतं आणि तिथे भाकरी खायला शिकलं.

गल्लीतला काळ्या कुत्रा कुणाचाच नव्हता, म्हणजे बहुतेक गुरुजींचा. एका उन्हाळ्यात त्याचा कान वाहू लागला. गुरुजींनी पाणी, काढा, तेल सगळं केलं. कान काही थांबेना, म्हणून तेल वाढवलं. आणि एका सकाळी काळ्या मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागला, पडायला लागला, जवळ येईल त्याच्यावर गुरगुरायला लागला. गल्लीने एका तोंडाने ठरवलं, पिसाळला. दोघे काठ्या घेऊन आलेही. चूक त्यांची नव्हती. रस्त्यात पोरं खेळत होती.

गुरुजी मध्ये उभे राहिले. "पिसाळलेला नाही, त्याचा कान बिघडलाय," ते म्हणाले. कुणी ऐकेना. तेव्हा त्यांनी जाड गोणपाट टाकून काळ्याला गुंडाळलं, भाजीवाल्याची लोटगाडी मागून घेतली आणि पांझरेचा पूल ओलांडून गुरांच्या दवाखान्याची वाट धरली. गाडी मी ढकलत होतो. काठीवाले दोघे मागून येतच होते.

डॉक्टरांनी लांबूनच काळ्याला बराच वेळ पाहिलं, कधीपासूनचं दुखणं ते विचारलं, मग त्याचं तोंड बांधून कान तपासला. पिसाळलेला नाही म्हणाले. काठीवाले हळूच सटकले. मला हायसं वाटलं. गुरुजींना विजय झाल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. पण डॉक्टर कान पुसता पुसता सांगत होते की, पडदा आधीच फाटलेला असणार, त्यात तेल गेलं. आत ओल कोंडून राहिली. कुत्रं जगेल, तोलही सावरेल, पण ऐकू येणार नाही. दुसऱ्या कानाचं तर केव्हाच गेलेलं दिसतंय.

"म्हणजे हे माझ्या हातून झालं," गुरुजी म्हणाले. डॉक्टर भले गृहस्थ होते, कान जुनाच बिघडलेला होता म्हणाले. गुरुजींनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

काळ्या बरा झाला. गुरुजींनी मात्र त्यानंतर कुठल्याही कानात थेंब टाकला नाही. कुणी कुत्रं घेऊन आलं की वास घ्यायचे आणि पुलापलीकडे पाठवायचे. काळ्याशी अहिराणीत गप्पा चालूच होत्या. त्याला ऐकू येत नाही हो, असं मी एकदा म्हणालो. "वर्गात तरी कोण ऐकत होतं?" ते म्हणाले. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

पुढे त्यांचा मुलगा त्यांना सुरतेला न्यायला आला. सकाळी सामान जीपमध्ये चढलं. काळ्या गल्लीच्या तोंडाशी, भिंतीच्या सावलीत झोपला होता. जीप त्याच्या शेजारून जाणार होती. मी म्हटलं, उठवतो, भेटून घ्या. मला तेव्हा त्यांचा इतका कळवळा आला होता की, मी दोन पावलं टाकलीही.

गुरुजींनी माझा दंड धरला. "उठाडू नको त्याले," ते म्हणाले. माझ्याशी ते पहिल्यांदाच अहिराणीत बोलले. "जीपना मांगे पळीन. आग्रा रोडवर मांगून ट्रक वनी तर त्याले ऐकू येवाव नही."

जीप काळ्याच्या अगदी जवळून गेली. त्याचा कानही हलला नाही. गुरुजी खिडकीतून त्याच्याकडे बघत होते, वळणापर्यंत.